हिमालयातली मोहरीची भावंडं: एखादी वनस्पती ‘नवी’ आहे हे ठरवतात कसं?

पूर्व लडाखमध्ये समुद्रसपाटीपासून ६,१५० मीटर उंचीवर, जिथे जवळजवळ सगळं वर्ष जमीन गोठलेली असते, तिथे संशोधकांना सहा जातींच्या सपुष्प वनस्पती वाढताना आढळल्या. त्यात एक गवत होतं, दोन सूर्यफुलाच्या कुळातल्या होत्या आणि उरलेल्या तीन चक्क आपल्या फोडणीतल्या मोहरीच्या नात्यातल्या. या तीनपैकी दोन जातींना २००० सालापर्यंत नावच नव्हतं. एकीला ते २००२ मध्ये मिळालं, दुसरीला २००८ मध्ये.

‘शास्त्रज्ञांना हिमालयात नवी वनस्पती सापडली’ अशी पोस्ट अधूनमधून फिरत असते. सोबत बर्फाचा डोंगर आणि एका इवल्याशा फुलाचा फोटो. वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी डोंगरावर गेलं, कधी न पाहिलेलं फूल दिसलं आणि शोध लागला. प्रत्यक्षात डोंगरावर वनस्पती फक्त सापडते. ती नवी आहे हे कळतं बहुतेक वेळा टेबलावर, भिंगाखाली, दुसऱ्या शेकडो वाळलेल्या नमुन्यांशी ताडून पाहिल्यावर. आणि मोहरीच्या कुळात हे काम विशेष किचकट आहे.

कुळ ओळखणं सोपं

मोहरीच्या कुळाचं शास्त्रीय नाव ‘ब्रॅसिकेसी’. मुळा, कोबी, फ्लॉवर, नवलकोल, सलगम आणि बाळंतिणीच्या लाडवातला अळीव हे सगळे याच घरातले. जगभरात या कुळात सुमारे ४,००० जाती आहेत.

कुंडीत मूठभर मोहरी टाकून फुलं येईपर्यंत थांबलं तर या कुळाच्या खुणा घरीच पाहता येतात. चार पाकळ्या, समोरासमोर, क्रूसासारख्या. म्हणूनच या कुळाला पूर्वी ‘क्रुसिफेरी’, म्हणजे क्रूस धारण करणारे, म्हणत. आत सहा पुंकेसर. त्यातले चार उंच, दोन बुटके. मग शेंग. मोहरीची वाळलेली शेंग खालच्या टोकाकडून उकलते, दोन्ही बाजूंची टरफलं गळून पडतात आणि मध्ये कागदासारखा पातळ पडदा चौकटीसकट देठावर उभा राहतो. वाटाण्याच्या किंवा तुरीच्या शेंगेत असा पडदा नसतो. मुळ्याच्या डिंगऱ्या मात्र याला अपवाद: त्या पिकल्या तरी आपसूक उकलत नाहीत.

पान चुरडलं की येणारा तो ओळखीचा झणझणीत वास ही आणखी एक खूण. पेशी फुटल्या की त्यातली गंधकयुक्त द्रव्यं, ग्लुकोसिनोलेट्स, एका विकराच्या संपर्कात येतात आणि तिखट तेल तयार होतं. किडींना दूर ठेवण्यासाठीची ही सोय. माणसाने तिची फोडणी केली, हा भाग वेगळा.

जात ओळखणं अवघड

अडचण नेमकी इथे सुरू होते. या कुळातल्या फुलांचा आराखडा इतका सारखा असतो की कुळ ओळखायला फूल पुरतं, पण जात ओळखायला फारसं कामाचं नसतं.

इथे दोन शब्दांचा घोळ आधी मिटवायला हवा. वनस्पतीचं शास्त्रीय नाव दोन शब्दांचं असतं. पहिला शब्द आडनावासारखा, त्याला वनस्पतिशास्त्रात ‘प्रजाती’ म्हणतात. दुसऱ्या शब्दाने त्या घरातली नेमकी ‘जात’ कळते. बातम्यांमध्ये हे दोन्ही शब्द सर्रास अदलाबदल करून वापरले जातात, त्यामुळे ‘नवी प्रजाती’ वाचलं की बहुतेक वेळा ‘नवी जात’ असं समजावं. नवी प्रजाती, म्हणजे नवं आडनाव, ही त्याहून कितीतरी दुर्मीळ गोष्ट आहे.

उंच पर्वतांवर मोहरीच्या कुळातलं सर्वांत मोठं आडनाव म्हणजे ‘ड्राबा’. कार्ल लिनियसने १७५३ मध्येच ते वापरलं होतं. आज या प्रजातीत सुमारे ४०० जाती मानल्या जातात आणि या कुळातली ती सर्वांत मोठी प्रजाती आहे. आर्क्टिक, आल्प्स, रॉकी पर्वत, अँडीज, हिमालय, जिथे जिथे थंडी आणि खडक आहे तिथे ड्राबा आहे. बहुतेक जाती बोटभर उंचीच्या. पानांचा लहानसा गुच्छ, पिवळी किंवा पांढरी चिमुकली फुलं, आखूड चपट्या शेंगा. चार वेगवेगळ्या जातींचे फोटो शेजारी ठेवले तर सामान्य माणसाला ते एकाच झाडाचे वाटतील.

मग तज्ज्ञ बघतात तरी काय? सगळ्यात आधी केस. हो, पानांवरची लव. ड्राबामध्ये एखाद्या पानावरचे केस साधे, सरळ असतात. एखाद्यावर ते टोकाला दुभंगलेले. एखाद्यावर चांदणीसारखे चहूबाजूंनी फुटलेले. काहींवर फांद्या फुटलेल्या झाडासारखे. पानाच्या वरच्या बाजूला एक प्रकार आणि खालच्या बाजूला दुसरा, असंही असतं. देठावर, शेंगेवर केस आहेत की नाहीत, हेही पाहावं लागतं. साध्या डोळ्यांना जी नुसती पांढुरकी छटा दिसते, तिच्यात सूक्ष्मदर्शकाखाली अख्खी ओळखपरेड उभी असते.

त्यानंतर शेंग. तिची लांबी-रुंदी, ती चपटी आहे की पिळलेली, टोकाला फुलाची कुक्षिवृंताची काडी किती लांब उरली आहे, एका शेंगेत बिया किती. शेवटी बी कापून आतला गर्भ बघतात. त्यातल्या इवल्याशा डाळिंब्या मुळाच्या अंकुराला कडेने टेकल्या आहेत, पाठीने टेकल्या आहेत की त्याला कुशीत घेऊन दुमडल्या आहेत, यावरून या कुळात दूरची-जवळची नाती ताडायची जुनी पद्धत आहे.

म्हणूनच फक्त फुलांवर आलेला नमुना अनेकदा अर्धवट ठरतो. फूल हवं आणि पिकलेली शेंगही हवी. ५,५०० मीटरवर, जिथे उन्हाळा काही आठवड्यांचा असतो, तिथे या दोन्हींसाठी एकाच हंगामात दोनदा चढावं लागतं, किंवा वर्षभर थांबावं लागतं.

उंची फसवते

दुसरी अडचण त्याहून मोठी. उंचीवरची झाडं परिस्थितीप्रमाणे रूप बदलतात. एकच जात ओलसर कुरणात वीतभर वाढेल आणि हजार मीटर वर, वाऱ्याच्या माऱ्यात, जमिनीला चिकटलेल्या नाण्याएवढ्या गादीसारखी दिसेल. वरची ‘नवी’ जात म्हणजे खालच्याच जातीचं थंडीने आखडलेलं रूप असू शकतं. शंका मिटवायचा जुना आणि आजही भरवशाचा उपाय म्हणजे दोन्हींच्या बिया एकाच ठिकाणी, एकाच मातीत लावून बघणं. फरक टिकला तर तो वंशातला. नाहीसा झाला तर हवामानाचा.

उलट फसवणूकही होते. गादीसारखा आकार थंडीत आणि वाऱ्यात इतका फायद्याचा असतो की एकमेकांशी दूरचंच नातं असलेल्या वनस्पतींनीही तो स्वतंत्रपणे घेतला आहे. त्यामुळे दिसण्यातला सारखेपणा हा नात्याचा पुरावा ठरत नाही.

लडाखची एक वनस्पती याचं नमुनेदार उदाहरण आहे.

क्लिमेश आणि अल-शेहबाझ

लेओश क्लिमेश हे चेक वनस्पतिशास्त्रज्ञ लडाखच्या वनस्पतींची पद्धतशीर नोंद करत होते. दुसरीकडे अमेरिकेत सेंट लुइसच्या मिसूरी बोटॅनिकल गार्डनमध्ये इहसान अल-शेहबाझ. मूळचे इराकचे अल-शेहबाझ हे मोहरीच्या कुळाचे जगातले सर्वांत मोठे जाणकार मानले जातात. चीनच्या वनस्पतिकोशातला या कुळाचा भाग लिहिणाऱ्यांत ते होते.

२००२ मध्ये अल-शेहबाझ यांनी लडाखच्या एका छोट्या वनस्पतीला नवी जात म्हणून जाहीर केलं आणि तिला क्लिमेश यांचं नाव दिलं: ‘ॲलिसम क्लिमेशी’. सहा वर्षांनी क्लिमेश यांनी परतफेड केली. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ द्मित्री गेरमान यांच्यासोबत त्यांनी पूर्व लडाखच्या अतिउंच भागातल्या एका ड्राबाचं वर्णन प्रसिद्ध केलं. नाव ठेवलं ‘ड्राबा अलशेहबाझी’. (स्वतःच शोधलेल्या जातीला स्वतःचं नाव द्यायचं नाही, असा या क्षेत्रातला संकेत आहे, एकमेकांचं द्यायला अर्थातच हरकत नाही.)

पण ‘ॲलिसम क्लिमेशी’ची गोष्ट तिथे संपली नाही. तिला ॲलिसम या आडनावाखाली ठेवलं होतं ते दिसण्यावरून. पुढे डीएनएची तुलना झाली तेव्हा ती ॲलिसमच्या घरातली नाहीच, असं दिसलं. तिचे खरे नातेवाईक निघाले ‘क्रूसिहिमालया’ या, नावाप्रमाणेच हिमालयाशी जोडलेल्या, वेगळ्या प्रजातीतले. २०१० मध्ये गेरमान आणि अल-शेहबाझ यांनी तिच्यासाठी नवं आडनाव तयार केलं, ‘लडाकिएला’. आज ही वनस्पती ‘लडाकिएला क्लिमेशी’ म्हणून ओळखली जाते. नाव देणाऱ्यानेच आठ वर्षांनी आपला निर्णय बदलला, आणि वनस्पतिशास्त्रात हे नाचक्कीचं मानलं जात नाही. जातीचं नाव म्हणजे एक अंदाज असतो; पुरावा बदलला की तो बदलतो.

क्लिमेश यांना हा बदल पाहता आला नाही. २००९ मध्ये ते लडाखमध्येच असताना बेपत्ता झाले.

नावं बदलण्यात एका दुसऱ्या हिमालयीन वनस्पतीचा हात कुणी धरू शकणार नाही. १९५५ मध्ये एन. डी. जयाल यांच्या नेतृत्वाखालची मोहीम गढवालमधल्या कामेत शिखरावर गेली होती. तिथे सुमारे ६,४०० मीटरवर सापडलेल्या दोन वनस्पती सर्वाधिक उंचीवरच्या म्हणून विक्रमांच्या पुस्तकात गेल्या. त्यातली एक मोहरीच्या कुळातली. तिच्या नावाचा ‘हिमालयेन्सिस’ हा भाग एकोणिसाव्या शतकापासून कायम आहे, पण त्यामागचं आडनाव पाच वेळा तरी वेगळं लागलं: केइरँथस, एर्मानिया, क्रिस्टोलिया, डेसिडेरिया आणि आता सोल्म्स-लाउबाखिया. इंटरनेटवर या पाचही नावांनी माहिती सापडते आणि पाच वेगवेगळ्या वनस्पती असल्याचा समज होतो. वनस्पती एकच आहे.

कागदोपत्री जन्म

एखादी जात नवी आहे अशी खात्री पटली तरी ती लगेच ‘अस्तित्वात’ येत नाही. त्यासाठी आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसार काही गोष्टी कराव्याच लागतात. एक वाळवलेला नमुना ‘प्ररूप’ म्हणून निवडायचा आणि तो कोणत्या संग्रहालयात ठेवला आहे हे जाहीर करायचं. पुढे शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तरी त्या नावाचा अंतिम अर्थ म्हणजे तो एक नमुना. मग वर्णन प्रसिद्ध करायचं आणि आधीच्या जवळच्या जातींपेक्षा ही वेगळी कशी, ते सांगायचं. हे वेगळेपण सांगणारा मजकूर २०११ च्या अखेरपर्यंत लॅटिनमध्येच असणं बंधनकारक होतं. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीही चालते. म्हणजे एकविसाव्या शतकात लडाखच्या डोंगरावर सापडलेल्या ‘ड्राबा अलशेहबाझी’ची कुंडलीसुद्धा लॅटिनमध्ये मांडावी लागली.

भारतात यात कायद्याचाही भाग आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या जातीची माहिती सरकारने नेमलेल्या संग्रहालयाला कळवणं आणि नमुना तिथे जमा करणं आवश्यक आहे. वनस्पतींसाठी अशा संस्थांमध्ये १८९० मध्ये स्थापन झालेली भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्था येते.

या वाळलेल्या नमुन्यांच्या संग्रहालयांना, म्हणजे हर्बेरियमना, जुन्या कागदांचं गोदाम समजण्याची चूक सहज होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वनस्पतींच्या नव्या जाती गोळा केल्यापासून किती वर्षांनी ‘नव्या’ म्हणून जाहीर झाल्या, हे तपासलं गेलं. पाच वर्षांच्या आत जाहीर झालेल्या निघाल्या फक्त १६ टक्के. जवळपास एक चतुर्थांश जाती पन्नास वर्षांहून जुन्या नमुन्यांवरून ओळखल्या गेल्या होत्या. म्हणजे कित्येक ‘नव्या’ जाती कपाटात चुकीच्या किंवा अर्धवट नावाने आधीच पडून असतात. कमतरता असते ती त्यांच्याकडे बघणाऱ्या जाणकाराची, आणि एकेका कुळाचे असे जाणकार जगात मोजकेच आहेत.

मग सगळं डीएनएवर सोपवावं का? ड्राबामध्ये तेही पुरत नाही. या प्रजातीत गुणसूत्रांचे संच दुप्पट, चौपट होण्याचे प्रकार फार. दोन जातींच्या संकरातून तिसरी उभी राहते आणि तिच्यात दोघींचा डीएनए सापडतो. आर्क्टिकमधल्या तीन ड्राबांवरचा २००६ चा एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. संशोधकांनी एकाच जातीच्या मानलेल्या, पण वेगवेगळ्या ठिकाणच्या रोपांचा आपसात संकर केला. दिसायला रोपं सारखीच होती. पण त्यांची बहुतेक संतती जवळजवळ वांझ निघाली. एका नावाखाली प्रत्यक्षात अनेक जाती दडल्या होत्या, आणि भिंगाला त्यातला फरक दिसत नव्हता.

मोबाइलमधला फोटो

ओळख सांगणारी ॲप्स कुळ आणि बऱ्याचदा प्रजाती बरोबर सांगतात. ड्राबाच्या जातीबाबत मात्र त्यांचं उत्तर अंदाजच समजायला हवा, कारण निर्णायक खुणा फोटोत आलेल्याच नसतात. लडाख, स्पिती किंवा उत्तराखंडच्या ट्रेकवर काढलेला फोटो तरीही उपयोगी ठरू शकतो. त्यासाठी फुलाच्या सुंदर क्लोजअपपेक्षा शेंगांचा फोटो मोलाचा. पानाची वरची बाजू, जमल्यास खालची बाजू, शेजारी मापासाठी नाणं, संपूर्ण रोप आणि आजूबाजूचा खडक, ठिकाण आणि उंची. रोप उपटायचं नाही. नाण्याएवढी गादी कित्येक वर्षांची असू शकते, आणि परवानगीशिवाय नमुना गोळा करणं अनेक ठिकाणी बेकायदाही आहे.

सारख्या दिसणाऱ्या दोघी

लेखाच्या सुरुवातीला आलेल्या ६,१५० मीटरवरच्या तीन मोहरीकुळातल्या जाती म्हणजे ‘लडाकिएला क्लिमेशी’, ‘ड्राबा अलशेहबाझी’ आणि ‘ड्राबा अल्ताइका’. शेवटच्या दोन एकाच प्रजातीतल्या. २००८ पूर्वी यातल्या एकीला नाव नव्हतं, त्यामुळे तिची स्वतंत्र नोंद ठेवणंही शक्य नव्हतं.

याने काय फरक पडतो, ते लडाखमधल्याच मोजणीतून कळतं. २००३ मध्ये पाहिलेल्या सर्वांत उंचावरच्या वनस्पतींना २०१३ मध्ये पुन्हा भेट दिली गेली. काही जातींची वरची हद्द ६,१५० मीटरपर्यंत गेली होती, म्हणजे सलग वनस्पती आढळतात त्या मर्यादेच्या सुमारे १५० मीटर वर. तापमानवाढीमुळे झाडं वर सरकतात, या अपेक्षेशी हे जुळणारं होतं. पण चित्र तेवढंच नव्हतं. २०१० च्या उन्हाळ्यातल्या असाधारण हिमवर्षावानंतर याच भागातलं वनस्पतींचं आच्छादन बरंच घटलं होतं. बर्फ भराभर वितळायचा, रात्री पुन्हा गोठायचं. या गोठण्या-वितळण्याचा मार वरच्या रोपांना सोसेना. ओलावा मानवणाऱ्या जातींचं प्रमाण वाढलं, इतरांचं घटलं. प्रत्येक जातीचा प्रतिसाद वेगळा होता.

पर्वताच्या माथ्यावरच्या झाडाला आणखी वर जायला जागा नसते. कोणती जात सरकते आहे, कोणती टिकून आहे आणि कोणती कमी होते आहे, हे मोजायचं तर शेजारी शेजारी वाढणाऱ्या, सारख्याच दिसणाऱ्या दोन नाण्याएवढ्या गाद्या दोन वेगळ्या जातींच्या आहेत की एकाच, हे आधी माहीत असावं लागतं. क्लिमेश आणि गेरमान यांनी ‘ड्राबा अलशेहबाझी’ वेगळी काढली, म्हणून २०१३ च्या मोजणीत तिच्यापुढे तिचा स्वतःचा आकडा लिहिता आला.